चौदा दिवसांच्या पिल्लात प्रोटामिन

संध्याकाळी क्यूपीसीआरचा, म्हणजे नमुन्यात एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीचा, रन संपला आणि आलेख उघडल्याउघडल्या माझं डोकं चक्रावलं. चौदा दिवसांच्या उंदराच्या वृषणात प्रोटामिन-१, म्हणजे शुक्राणूत डीएनए आवळून ठेवणाऱ्या प्रथिनाचा आरएनए, तेही सीटी १९, म्हणजे एकोणिसाव्या चक्रातच! एवढ्या लवकर वर चढणारी रेघ म्हणजे आरएनए भरभरून आहे.

ते तिथे असणं शक्यच नव्हतं. मोठ्या उंदराच्या वृषणात सगळ्या टप्प्यांच्या पेशींची खिचडी असते, म्हणून आम्ही पिल्लं घेतो. त्यांच्यात शुक्राणू बनण्याची पहिली लाट घड्याळासारखी चालते. आठव्या दिवशी नुसत्या स्पर्मॅटोगोनिया (शुक्राणूंच्या मूळ पेशी), दहाव्याच्या सुमारास मायोसिसची (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाची) सुरुवात, चौदाव्याला त्यातला पॅकिटीन हा टप्पा, विसाव्याच्या आसपास विभाजन संपून गोल स्पर्मॅटिड (शुक्राणू होऊ घातलेल्या पेशी) आणि पस्तिसाव्याच्या सुमारास शुक्राणू. प्रोटामिनचं जनुक जागं होतं ते गोल स्पर्मॅटिडमध्ये. त्याचा आरएनए आधी बनून जवळजवळ आठवडाभर नुसता पडून राहतो, प्रथिन नंतर. कारण एकदा का प्रोटामिनने डीएनए आवळला, की नवा आरएनए काढायची सोय उरत नाही. ही आगाऊ तयारी मला आजही थक्क करते.

दहा मिनिटं मी चक्क शोध लागल्याच्या आनंदात होते. मग प्लेटवरचे बाकीचे आकडे पाहिले. नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेल्या वेल (प्लेटवरच्या खळग्या) कोऱ्या होत्या, म्हणजे प्रायमर (हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) किंवा मिश्रण बाटलं नव्हतं. मायोसिसमध्ये जागं असणारं एसवायसीपी-३ हे जनुक चौदा आणि अठ्ठावीस, दोन्ही दिवसांना होतं, तसं ते असायलाच हवं. पण अठ्ठावीस दिवसांच्या नमुन्यात प्रोटामिनचा पत्ताच नव्हता.

मॅडमनी आलेख पाहिला आणि एकच विचारलं, "झाकणं कुठे ठेवली होतीस?"

फिरकीच्या झाकणाच्या ट्यूब होत्या. वयाचा आकडा मी झाकणावर लिहिला होता, ट्यूबच्या अंगावर काहीच नाही. वृषण कुटण्यासाठी ट्यूबमध्ये मणी घालताना दोन झाकणं शेजारी शेजारी उलटी ठेवली, ती आता डोळ्यांसमोर आली.

तरी मी स्लाइड काढल्या. प्रत्येक पिल्लाचं एक वृषण आरएनएसाठी, दुसरं स्लाइडसाठी, ऊती टिकवणाऱ्या बुएँच्या द्रावणात, असा आमचा शिरस्ता. अठ्ठावीसच्या स्लाइडवर गोल स्पर्मॅटिड दाटीवाटीने, प्रत्येकाच्या केंद्रकावर अ‍ॅक्रोसोमची गुलाबी टोपी (शुक्राणूच्या डोक्यावर चढणारं आवरण). चौदाच्या नलिकांमध्ये सगळ्यांत पुढे पोचलेल्या पेशी पॅकिटीनच्या. म्हणजे पिल्लांची वयं बरोबर होती, घोळ ट्यूबचाच होता.

"मग नावं बदलून टाकू?" मी विचारलं. आतून सुटकाच वाटत होती.

"कशावरून बदलणार? प्रोटामिन दिसलं म्हणून? आणि मग त्याच नमुन्यावरून लिहिणार की प्रोटामिन चौदाव्या दिवशी नसतं?"

यावर काय बोलणार! स्लाइडनी पिल्लाचं वय सांगितलं होतं, ट्यूबमध्ये कुणाचं वृषण होतं ते नाही. दोन्ही नमुने कचऱ्यात गेले. वहीत तारीख घालून झाकणांची हकीकत लिहिली, तेवढं लिहायलाही हात जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी प्राणिगृहात जाऊन पाहिलं. अठ्ठावीस दिवसांची भावंडं पिंजऱ्यात होती, त्यामुळे तो नमुना लगेच मिळाला. पुढची पिल्लं मात्र जेमतेम पाच दिवसांची होती. चौदासाठी नऊ दिवस थांबणं आलं.