जावात लगोरी: कोडपासून दुसऱ्याच्या लॅपटॉपपर्यंत

दिवसा हिंजवडीत बँकेचं सॉफ्टवेअर आणि रात्री कर्वेनगरच्या घरी लगोरीचा कॉम्प्युटर गेम, असं बरेच महिने चाललं. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा रोजच्या हातातली, म्हणून गेमसाठी जेमंकीइंजिन हे जावातलं गेम इंजिन (गेमचा तयार सांगाडा) घेतलं. ते मुक्तस्रोत आहे, बीएसडी या सैल परवान्याचं. गेम विकला तरी कोणी हिस्सा मागत नाही. मात्र जवळजवळ सगळं कोडमध्येच लिहावं लागतं. माऊसने ओढून-सोडून गेम उभा करायचा असेल, तर या वाटेला जाऊ नका.

पहिलाच मुक्काम लांबला तो सात ठिकऱ्यांपाशी. चेंडू मारायच्या आधीच लगोरी आपली आपण थरथरायची आणि घसरायची. भौतिकीचं, म्हणजे वस्तू पडण्या-आदळण्याचं, काम आतमध्ये बुलेट नावाची लायब्ररी करते आणि ती टक्कर तपासताना प्रत्येक आकाराभोवती ०.०४ एककांचा समास धरते. एक एकक म्हणजे एक मीटर मानलं तर हे झाले चार सेंटिमीटर, आणि माझी ठिकरी जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची! समास कमी करता येतो, पण इतक्या बारीक वस्तू बुलेटला एकूणच मानवत नाहीत. म्हणून सगळं जगच दहापट केलं. गुरुत्वाकर्षणही ९.८१ चं ९८.१ केलं, नाहीतर ठिकऱ्या पिसासारख्या पडतात. कॅमेराही त्याच प्रमाणात मागे नेल्यामुळे खेळणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

मग मराठी. 'तुम्ही जिंकलात' लिहिलं की पडद्यावर 'म्ह' फुटलेला आणि वेलांटी 'ज'च्या मागे जाऊन बसलेली. इंजिनाचा बिटमॅप फाँट एकेका अक्षराचं चित्र उचलून ओळीत ठेवतो, त्याला जोडाक्षर जुळवता येत नाही. पण खुद्द जावाला येतं: ओपनजेडीकेत (जावाच्या मुक्त आवृत्तीत) ९ पासून त्यासाठी हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं साधन आहे. तेव्हा वाक्य आधी जावा टूडीकडून, म्हणजे जावाच्या चित्रं काढणाऱ्या भागाकडून, एका चित्रावर लिहून घ्यायचं आणि ते चित्र टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) म्हणून इंजिनाला द्यायचं. गुण बदलले तरच नवं चित्र, दर फ्रेमला नाही. फाँट मुक्त घेतला, त्याचा परवाना खुला असल्याने गेमसोबत देता येतो. हा उपाय सुबक आहे असं मी म्हणणार नाही, पण अक्षरं देखणी दिसतात.

जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रॅमचं गाठोडं, ऑफिसातल्या मित्रांकडे लगेच चालली, कारण त्यांच्याकडे जावा होतीच. कोथरूडच्या भाच्याचा मात्र फोन आला, "मामा, हे कशाने उघडायचं?" गेम हवा असलेल्या माणसाला जावा बसवायला सांगणं म्हणजे त्याला परत पाठवणं. यासाठी जावाचंच जेपॅकेज हे साधन आहे. २०२१ च्या जेडीके (जावाचा विकाससंच) १६ पासून ते पक्कं झालं. गरजेपुरती छाटलेली जावा गेमसोबतच बांधली जाते. माझ्या छाटणीत डेस्कटॉप मॉड्यूल ठेवावंच लागलं, कारण मराठी अक्षरं त्याच्याच जिवावर. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' हे जारपर्यंत खरं. पुढे विंडोजचं पॅकेज विंडोजवरच बनतं, मॅकचं मॅकवर, लिनक्सचं लिनक्सवर.

मॅकची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे खिडकी प्रोग्रॅमच्या पहिल्या थ्रेडवरच (कामाच्या धाग्यावर) उघडावी लागते, म्हणून 'एक्सस्टार्टऑनफर्स्टथ्रेड' हा पर्याय द्यायचा. तो दिला की जावाचं स्वतःचं ग्राफिक्स अडून बसतं. त्यावर एडब्ल्यूटी, म्हणजे हेच ग्राफिक्स, हेडलेस (खिडकीविना) ठेवायचं. चित्रावर अक्षरं लिहायला खिडकी लागतच नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. सगळं जमलं, पण गेमवर अॅपलला मान्य डिजिटल सही करण्यासाठी लागणाऱ्या डेव्हलपर खात्याचे वर्षाला ९९ डॉलर फुकट वाटायच्या गेमसाठी भरणं पटलं नाही, म्हणून मॅक तूर्त बाद. विंडोजवरही सही नसलेला प्रोग्रॅम उघडताना इशारा येतो. तो का येतो हे डाउनलोडच्या पानावर साध्या मराठीत लिहून ठेवलं आहे.

वाटपासाठी इच डॉट आयओ ही गेमची वेबसाइट घेतली. प्रवेश फी नाही, आणि विक्रीतला किती वाटा त्यांना द्यायचा तेही आपणच ठरवायचं. बटलर नावाचं त्यांचं कमांड लाइन साधन नव्या आवृत्तीतला बदललेला भागच चढवतं, हे मला फार सोयीचं पडतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाला दर गेममागे १०० डॉलर लागतात, आणि विक्री १००० डॉलर झाली की ते परत मिळतात. शिवाय 'लवकरच येत आहे' हे पान निदान दोन आठवडे आधी लावावं लागतं. ते पैसे मी अजून भरलेले नाहीत. आधी दोघांना नेटवरून समोरासमोर खेळता आलं पाहिजे. एकट्याने लगोरी खेळायला १०० डॉलर जास्तच होतात.