नॅनोलोखंडाची चाचणी आणि शुक्रवारचे पाणी

कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा उभारून देणे आणि ती नंतर नीट चालते की नाही हे पाहणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. भोसरीच्या एका हार्ड क्रोम प्लेटिंग कारखान्यात नॅनोलोखंडाच्या, म्हणजे लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांच्या, चाचणीसाठी मला बोलावण्यात आले, तेव्हा या पदार्थाविषयी मी वाचले पुष्कळ होते. परंतु प्रत्यक्ष कारखान्याच्या पाण्यात तो कसा वागतो, हे जवळून पाहण्याची संधी त्या दिवशी मिळाली.

या कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर क्रोमचा कठीण थर चढवला जातो. लिटरमागे सुमारे 250 ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड असलेल्या टाकीतून रॉड बाहेर काढले की त्यांच्या अंगावर द्रावणाचा पातळ थर राहतो आणि पुढच्या टाकीत धुताना तो पाण्यात उतरतो. या धुवणाच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट (षट्संयुजी) क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे घातक रूप, असते, ज्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत होते. नदी-नाल्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात ते लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा आपल्याकडचा नियम आहे. इंद्रायणीवर फेस आला की त्याची छायाचित्रे लगेच छापून येतात. क्रोमियमला फेस येत नाही, आणि मर्यादेच्या आसपासच्या प्रमाणात त्याचा पिवळा रंगही डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याची बातमी होणे अवघडच.

यावरची रूढ पद्धत सर्वांना ठाऊक आहे. पाण्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून पीएच दोन ते तीनच्या दरम्यान आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचे कमी घातक अशा त्रिसंयुजी क्रोमियमात रूपांतर करायचे, मग चुना किंवा कॉस्टिक घालून ते हिरवट गाळाच्या रूपात खाली बसवायचे आणि फिल्टर प्रेसमध्ये दाबून निघालेला गाळाचा केक घातक कचरा म्हणून रांजणगावच्या केंद्राकडे पाठवायचा. ही पद्धत काम देते. मात्र मेटाबायसल्फाइटचा घशात बसणारा वास, अ‍ॅसिडची हाताळणी आणि चुन्यामुळे वाढणारे केकचे वजन यांना मालक कंटाळले होते. अशा वेळी नॅनोलोखंड विकणाऱ्या एका पुरवठादाराने त्यांना गाठले आणि अ‍ॅसिड, मेटाबायसल्फाइट या साऱ्यांच्या जागी एकच काळे द्रावण पुरेल, असे सांगितले.

दाव्यात तथ्य नव्हते असे नाही. लोखंड स्वतः गंजते आणि गंजताना क्रोमियमला इलेक्ट्रॉन देते, ही जुनीच रसायनशास्त्रीय गोष्ट आहे; प्रश्न असतो तो पृष्ठभागाचा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या कणांऐवजी 50 नॅनोमीटरचे कण घेतले, तर तेवढ्याच वजनाच्या लोखंडाचा पृष्ठभाग दहा हजार पटींनी वाढतो. एका ग्रॅमला तो सुमारे 15 चौरस मीटर, म्हणजे मध्यमवर्गीय घरातल्या एका खोलीच्या जमिनीएवढा भरतो. अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाचे वेई-शिएन झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात या कणांचा प्रदूषण निवारणासाठी अभ्यास केला आणि 2000 साली न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे एका कारखान्याच्या आवारातील दूषित भूजलावर त्यांचा प्रत्यक्ष वापर करून पाहिला. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात या सर्वाचा उल्लेख होता.

तो शुक्रवार होता. पुरवठादाराच्या प्रतिनिधीने आधी काचेच्या चंचुपात्रात प्रात्यक्षिक दाखवले. कोरडे नॅनोलोखंड हवेत पेट घेऊ शकते, म्हणून ते घट्ट द्रावणाच्या रूपात बंद कॅनमध्ये आणलेले होते. लिंबाच्या रंगाच्या पाण्यात ते काळे द्रावण पडताच बारीक बुडबुडे निघू लागले, आणि थोड्या वेळाने गाळलेला नमुना काचेसारखा नितळ निघाला. त्यात डायफिनाइलकार्बाझाइड टाकल्यावर जांभळा रंग आला नाही, याचा अर्थ हेक्झाव्हॅलंट क्रोमियम संपले होते. मालकांनी तिथल्या तिथे विचारले, "मॅडम, मग मेटाबायसल्फाइटची पुढची ऑर्डर थांबवू का?" मी म्हटले, आधी टाकीतल्या पाण्यावर बघू. चंचुपात्रातले पाणी प्रतिनिधीने क्रोमिक अ‍ॅसिड पातळ करून स्वतःच बनवून आणले होते.

ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या) संकलन टाकीतून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी घेतले, हिशोबाने मात्रा घातली आणि ढवळणी सुरू केली. हिशोब असा की एक ग्रॅम क्रोमियमसाठी कागदावर एक ते दीड ग्रॅम लोखंड पुरते. पण कणाचा बाहेरचा भाग क्रोमियम आणि लोहाच्या हायड्रॉक्साइडने झाकला गेला की आतले लोखंड अडकून पडते, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट घालावे लागते. आम्ही तेवढे घातलेही होते. अर्ध्या तासाने काढलेला नमुना गडद जांभळा झाला. तासाने पुन्हा पाहिले, तरी रंगात फारसा फरक नव्हता. प्रतिनिधीने मात्रा वाढवण्याचा सल्ला दिला. मी पीएच मोजला, तर तो दहाच्या जवळपास, म्हणजे अल्कधर्मी बाजूला, होता. क्रोमच्या धुवणाचे पाणी आम्लधर्मी असायला हवे होते.

त्याचे उत्तर प्लेटिंग लाइनवरच्या एका जुन्या कामगाराने दिले. "मॅडम, काल गुरुवारची सुट्टी होती ना. सुट्टीनंतर सकाळी डिग्रीजिंगची टाकी खाली करतात. ते पण याच गटारात येतं." डिग्रीजिंगच्या, म्हणजे रॉडवरचे तेल-ग्रीस काढण्याच्या, द्रावणात कॉस्टिक, फॉस्फेट, सिलिकेट आणि रॉडवरून निघालेले तेल असते. पीएच वाढला की लोखंडाची क्रिया मंदावते. फॉस्फेट आणि सिलिकेट तर त्या कणांच्या पृष्ठभागावरच चिकटून बसतात, आणि ज्या पृष्ठभागासाठी एवढी महागडी वस्तू विकत घ्यायची तोच निकामी होतो. म्हणजे सुट्टीनंतरच्या दिवशी ही पद्धत या कारखान्यात चालणारच नव्हती, आणि प्रयोगशाळेतल्या कितीही चाचण्यांतून हे कळले नसते. माझ्या अनुभवात ईटीपीच्या नकाशापेक्षा अशा कामगाराला विचारलेला एक प्रश्न बहुधा जास्त माहिती देतो.

दुपारी क्रोमच्या धुवण टाकीतूनच थेट पाणी घेऊन चाचणी पुन्हा केली आणि ती यशस्वी झाली. पीएच वाढवून गाळ बसवल्यानंतर वरच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम 0.1 मिलिग्रॅमच्या आत आले. मालक खूश झाले, प्रतिनिधीने छायाचित्रे काढली. मी मात्र त्या नितळ पाण्याचा ग्लास खिडकीपासून दूर अंधाऱ्या कोपऱ्यात नेला आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला. पाण्यातून प्रकाशाची सरळ रेषा स्पष्ट दिसली. खरोखर स्वच्छ पाण्यात अशी रेषा दिसत नाही. ती दिसते तेव्हा पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कण तरंगत असतात. प्रयोगशाळेत नमुना गाळायला वापरतात त्या कागदाची छिद्रे 0.45 मायक्रॉनची, म्हणजे 450 नॅनोमीटरची असतात. 50 नॅनोमीटरचा कण त्यातून सहज पार होतो आणि अहवालात 'विरघळलेले लोह' म्हणून नोंदला जातो. चुंबक लावून पाहिले, तर गोळे झालेले काही कण काचेला चिकटले, पण टॉर्चची रेषा तशीच राहिली. कणांचे गोळे होऊ नयेत म्हणून पुरवठादाराने त्यांवर पॉलिमरचे आवरण चढवले होते. ज्या गुणामुळे ते पाण्यात पसरून झटपट काम करत होते, त्याच गुणामुळे ते काम झाल्यावर खाली बसायला तयार नव्हते.

प्रतिनिधीचे म्हणणे होते की शेवटी तो गंजच आहे, त्याने कुणाचे काय बिघडणार. गंजाबद्दल मी फार वाद घालणार नाही. परंतु त्या कणांच्या पृष्ठभागावर क्रोमियम बसलेले असते, आणि इतके सूक्ष्म कण नाल्यातून पुढे कुठवर जातात, तिथल्या सूक्ष्मजीवांवर काय परिणाम करतात, हे प्रश्न एका वाक्यात उडवून लावण्यासारखे नाहीत. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने 2004च्या अहवालात, पुरेसे संशोधन होईपर्यंत सुटे नॅनोकण पर्यावरणात सोडण्याच्या वापरांवर बंदी असावी, अशी शिफारस केली होती. भूजलात ते मुद्दाम टोचण्याचा निर्णय निदान विचारपूर्वक घेतला जातो. एखाद्या प्लेटिंग कारखान्यातून ते रोज नकळत वाहत राहणे हे मला अधिक गंभीर वाटते.

सुटे कण वापरावेच लागतात असेही नाही. आयआयटी मद्रासमधील टी. प्रदीप यांच्या गटाने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक काढण्यासाठी जे साहित्य विकसित केले, त्यात लोहाचे नॅनोरूप दाणेदार माध्यमात बांधून ठेवलेले असते. पाणी त्यावरून जाते, कण जागचे हलत नाहीत. मालकांना दिलेल्या अहवालात मी याच धर्तीच्या माध्यमाने भरलेला एक स्तंभ सुचवला, आणि तोही शेवटच्या टप्प्यावर, मेटाबायसल्फाइटच्या प्रक्रियेनंतर उरलेसुरले क्रोमियम पकडण्यासाठी. त्याआधीच्या सूचना अगदी साध्या होत्या: रॉड टाकीवर थोडा जास्त वेळ निथळू द्यावेत, पहिली धुवण टाकी वाहती न ठेवता साचवून तिच्यातले द्रावण पुन्हा प्लेटिंग टाकीत वापरावे, पुढच्या टाक्यांत पाणी रॉडच्या प्रवासाच्या उलट दिशेने खेळवावे. क्रोमियम पाण्यात उतरलेच नाही तर ते काढण्याचा खर्चही येत नाही. यात नॅनो काहीही नाही, म्हणून कदाचित कोणी ते विकायलाही येत नाही.

मालकांनी अहवाल वाचून पहिला प्रश्न खर्चाचा विचारला, जो रास्तच होता. स्तंभातील माध्यम किती दिवस टिकेल हे त्यांच्याच पाण्यावर पाहावे लागणार आहे आणि निकामी झालेले माध्यम फेकून न देता केकबरोबर रांजणगावला पाठवावे लागणार आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. स्तंभाचा निर्णय त्यांनी पुढे ढकलला. डिग्रीजिंगच्या टाकीसाठी वेगळी पाइपलाइन आणि साठवण टाकी मात्र त्यांनी लगेच मंजूर केली. ती कुठून न्यायची हे ठरवताना त्या कामगाराला मी मुद्दाम बोलावून घेतले, आणि नकाशात नसलेले आणखी एक जुने गटार त्याने आम्हाला दाखवले.