कोऱ्या नोटा

रमजानचा शेवटचा आठवडा आला की आमच्याकडच्या बँकेत दुपारी एक वेगळीच रांग लागते. पैसे काढणाऱ्यांची नव्हे, पैसे बदलणाऱ्यांची. काउंटरवरचा मुलगा मान वर न करताच म्हणाला, "दहाच्या कोऱ्या संपल्या. वीसच्या देऊ?" उन्हाने आणि रोजाने डोकं आधीच जड झालं होतं, तरी मी मनातल्या मनात हिशेब मांडला. पोरं किती, कुणाची किती, वीसने सुरुवात केली तर मोठ्यांना काय द्यायचं? वीस घेतल्या.

ईदी, म्हणजे ईदला मोठ्यांनी पोरांच्या हातावर ठेवायचे पैसे. तिची नोट कोरीच हवी, हा माझा हट्ट आहे. घडी पडलेली, कोपरा दुमडलेली, माशाच्या पाटीला लागून आलेली नोट मी पोरांच्या हातावर ठेवत नाही. पाकिटात घालूनही देत नाही. दुबईतला भाचा गेल्या ईदला फोनवरच सलाम करून मोकळा झाला आणि वर म्हणाला, "खाला, क्यूआर पाठवू का?" मी म्हटलं, पाठव, आणि तुझा शीरखुर्माही त्यातूनच पी.

फित्र्याचं, म्हणजे ईदच्या आधी गरिबांना द्यायच्या दानाचं, बरं आहे. त्याला माप आहे. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई परंपरेचे, त्यामुळे माणशी एक साअ, म्हणजे अडीच-तीन किलो धान्य. आमच्याकडे धान्य म्हणजे तांदूळच. घरातल्या तान्ह्या पोराचाही मोजायचा आणि ईदच्या नमाजाआधी पोचता करायचा. ईदीला ना माप, ना नियम. मग माप आम्हीच शोधलं. धाकट्या जावेने माझ्या तिघांना शंभर-शंभर दिले, तिची दोनच, म्हणजे मी दीडशे-दीडशे दिले की फिटंफाट. प्रत्येक ईदच्या रात्री कोकणातल्या किती माजघरांत हा ताळेबंद चालत असेल! सात पोरांची आई ईदला गावभर हसतमुखाने का फिरते, हे मला लग्नानंतर कळलं.

आम्ही लहान होतो तेव्हा दाभोळ खाडीकाठचं आमचं सगळं गाव पालथं घालायचो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ईद भर पावसात यायची. नवे कपडे, त्यावर छत्री आणि गुडघ्यापर्यंत चिखल. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, तशी ती हळूहळू पावसातून निघून आंब्यात आली. कुणाच्या दारात आधी जायचं हे ठरलेलं असायचं. आधी ट्रॅक्टरच्या चित्राची पाचची नोट देणारी घरं, मग दोनवाली, आणि शेवटी आमची दादी. ती चार आणे द्यायची, पण सोबत इतकी दुवा की निघेनिघेपर्यंत पाऊस थांबायचा. शेजारच्या काकूंकडे शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेलं की त्या डबा विसळून त्यात नारळ आणि रुपयाचं नाणं टाकायच्या. "ईदची पोस्त गं," म्हणायच्या. संध्याकाळी अम्मी सगळे पैसे "सांभाळून ठेवायला" घ्यायची. ते कुठे सांभाळले जातात, हे कोणत्याच घरातल्या कोणत्याच पोराला कळलेलं नाही.

१९९०ची ईद एप्रिलअखेर, ऐन हापूसमध्ये आली. कुवेतचा मामू रजेवर होता. त्याने प्रत्येकाला पाव दिनाराची तपकिरी नोट दिली. अशी कोरी की आम्ही ती वास घेऊन पाहिली. चौदा-पंधरा रुपये होतात असं मोठ्यांनी सांगितलं. दुकानदाराने नोट उलटसुलट करून परत दिली, म्हणून ती खर्च झाली नाही. अम्मीलाही ती सांभाळावीशी वाटली नाही, म्हणून माझ्याकडेच राहिली. मामू मेमध्ये परत गेला. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या.

कुवेतमध्ये अडकलेल्या भारतीयांना आणायला जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईला विमानांच्या फेऱ्या चालू होत्या. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आली त्यांतून. त्यातलाच मामू एक बॅग घेऊन खाडी ओलांडून घरी आला. तो तिथल्या पगाराबद्दल बोलला नाही, बँकेतल्या पैशांबद्दलही नाही. नोटा लुटल्या गेल्या होत्या, म्हणून युद्ध संपल्यावर कुवेतने जुन्या नोटा बाद करून नव्या छापल्या, आणि माझा पाव दिनारही निकालात निघाला.

१९९१ची ईद एप्रिलच्या मध्यावर होती. ईदचा दिवस आणि रात्र भागेल एवढं अन्न घरात असेल, त्याने वरच्यातून फित्रा द्यायचा असतो. मामूने डब्यात डोकावून पाहिलं, तेवढे तांदूळ होते. मग घरातल्या सगळ्यांचा फित्रा त्याने स्वतः मोजला. नमाजानंतर आम्ही रांगेत उभे राहिलो, तर प्रत्येकाच्या हातावर रुपयाचं नाणं, चिंच घासून चकचकीत केलेलं. माझ्या भावाने विचारलं, "मामू, या वेळी दिनार नाही?" आणि अम्मीचा धपाटा खाल्ला. मामू हसला.

पुढच्या वर्षी तो परत गेला. कुवेतलाच. दुसरं कुठे जाणार होता?