अर्ध्या ग्रॅमचा छर्रा : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केलं, मी त्यात डाय म्हणजे दाबायचे साचे आणि गेजची कामं वाढवली. इंजिनाच्या सुट्या भागांचं भोक मापात आहे की नाही, हे सांगणारे गेज बनवणं हेच आमचं पोट होतं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर पिस्तुलाचे छर्रे आमच्या दारात आले ते माझ्या मुलीमुळे.

२०१० साली तेजस्विनी सावंत म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या आणि कोल्हापुरात नेमबाजीचं नाव घरोघर पोचलं. पुढे काही वर्षांनी माझी मुलगी आठवीत असताना रेंजवर जाऊ लागली. १० मीटर, एअर पिस्तूल. एका संध्याकाळी ती निशाण्याचं कार्ड घेऊन घरी आली आणि न जेवता बसून राहिली. नऊ छर्रे एका जागी छान जमले होते, एक खाली डावीकडे, सातच्या वर्तुळात. "बाबा, हा पण मी नीटच सोडला होता." तिच्या कोचनी ट्रिगरवरच्या बोटाची चूक सांगितली होती. त्यांचंही बरोबर होतं, कारण उजव्या हाताच्या नेमबाजाचा फटका तिकडे गेला की बहुतेक वेळा बोटच दोषी असतं. पोरीनं दोन आठवडे बोट बदलून पाहिलं. आधी जमत होतं तेही बिघडलं.

मी गेज बनवणारा माणूस. माप घेतल्याशिवाय चूक कुणाची हे ठरवायची सवय नाही. क्लबची परवानगी घेऊन मी एक बिडाचा ठोकळा आणि लाकडी जबड्यांचा शिकंजा रेंजवर नेला, पिस्तूल त्यात घट्ट बांधलं आणि तिच्याच डबीतले दहा छर्रे सोडले. हात नाही, श्वास नाही, बोटाची थरथर नाही. तरीही आठ एका जागी आणि दोन भलतीकडे. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १४ मिलिमीटर. मग क्लबमधल्या एका दादांकडून परदेशी डबी उसनी घेतली. तेच पिस्तूल, तोच शिकंजा, ४ मिलिमीटर.

या खेळात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. म्हणजे छर्रा आपल्या मनानं ८ मिलिमीटर भरकटला की एक गुण गेला. गुणाचं मला तेवढं दुःख नव्हतं. माझी मुलगी दोन आठवडे जी चूक दुरुस्त करत होती, ती तिची नव्हतीच, हे मला लागलं. शिकणाऱ्याच्या हातात एकसारखा छर्रा असेल, तरच कार्डावरचं भोक त्याला त्याच्या हाताबद्दल काही सांगू शकतं. आमचा सगळा धंदा त्या रात्रीच्या या एका विचारावर उभा आहे.

परदेशी डबी रोजच्या सरावाला परवडत नव्हती. एका तासात शंभर छर्रे सहज संपतात, डबीत असतात पाचशे. पाचसहा महिने मी बाजारात मिळेल ती डबी आणून भिंगाखाली बघत बसलो. या छर्र्याला पुढे सपाट डोकं असतं, मध्ये कंबर आणि मागे पातळ पोकळ घेर. सपाट डोक्यामुळे कागदाला पंचने मारल्यासारखं स्वच्छ भोक पडतं. हवेचा दाब आला की घेर फुलतो, बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांना घट्ट बसतो आणि छर्रा फिरत बाहेर पडतो. स्वस्त डबीत कुणाचा घेर चेपलेला, कुणाच्या कडेला शिशाचा बारीक कंगोरा, तर कुणाचं डोकं ४.४७ आणि शेजारच्याचं ४.५२ मिलिमीटर.

याच काळात अमेरिकेत टेक्सासमध्ये राहणाऱ्या मावसभावाची मोठी मदत झाली. तो सुट्टीच्या दिवशी पिस्तुलानं टारगेटवर नेम धरतो आणि तिथल्या अनेक हौशी नेमबाजांसारखी स्वतःची काडतुसं घरी भरतो. रिकामी पितळी पुंगळी, ठिणगी देणारा नवीन प्रायमर, मोजलेली बंदुकीची दारू, वर गोळी. आपल्याकडे काडतूस बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि आमचं काम हवेच्या पिस्तुलापुरतंच आहे. पण त्याची पद्धत मी जशीच्या तशी उचलली. तो म्हणाला, "दादा, एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि वही ठेव." माझ्या टेबलावर आज अशा अकरा वह्या आहेत.

छर्रा आम्ही ओतत नाही, दाबून घडवतो. साडेतीन मिलिमीटर जाडीची शिशाची तार घ्यायची, पाच मिलिमीटरला जरा कमी असा तुकडा तोडायचा, तो डायमध्ये दाबला की डोकं, कंबर आणि घेर तयार. ऐकायला सोपं आहे. आमच्या छर्र्याचं वजन ०.५३ ग्रॅम. तार तोडताना लांबीत ०.१ मिलिमीटरचा फरक पडला की वजनात ११ मिलिग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे दोन टक्के. आमचं तोडयंत्र त्याहून बरं काम करेना. सहा महिने मी तोडयंत्राच्याच मागे लागलो होतो, नवीन ब्लेड, नवीन स्टॉपर, नवीन स्प्रिंग. मग एका पहाटे लक्षात आलं की तुकडा अचूक तोडायची गरजच नाही, तो जरासा जास्त तोडावा. पहिल्या डायच्या बाजूला बारीक छिद्र ठेवलं. दाब आला की जादा शिसं शेवईसारखं त्यातून बाहेर येतं आणि आत राहतो तो नेमका गोळा. मग दुसऱ्या डायमध्ये आकार. शिकलेल्या डायमेकरला ही गोष्ट नवी नाही, पण मला ती माझ्या हातानं सापडली, आणि त्या दिवशीचा आनंद अजून ताजा आहे.

पहिल्या वर्षीच एक मोठा फटका बसला. एका भंगारवाल्याकडून तार स्वस्त मिळाली. शिसं दिसायला तसंच, वजनही जवळपास तेच. २०० डब्या एका क्लबला गेल्या आणि आठवड्यात परत आल्या. शिकंज्यात सोडून पाहिले तर फैलाव १७ मिलिमीटर. नख मारून पाहिलं तेव्हा उलगडलं: शुद्ध शिशावर नखानं ओरखडा उमटतो, यावर उमटेना. जुन्या बॅटरीच्या जाळ्यांतला अँटिमनी हा धातू त्यात मिसळलेला होता. शिसं कडक, त्यामुळे घेर फुलत नाही, हवा बाजूनं निसटते आणि प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगानं जातो. पैसे परत केले, डब्या परत घेतल्या. तेव्हापासून ९९.९७ टक्के शुद्धतेचीच तार, चाचणीच्या दाखल्यासह. वितळवण्याचं काम आमच्या छताखाली होतच नाही.

दुसरं दुखणं पावसाळ्याचं. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जुलैत डब्या उघडल्या तर छर्र्यांवर पांढरी भुकटी. मी दमट हवेला दोष दिला, पण लोखंडी रॅकवरच्या डब्या ठीक होत्या आणि लाकडी कपाटातल्या खराब. नव्या लाकडातून व्हिनेगरसारखी आंबट वाफ निघत राहते आणि शिशाला ती खाते. कपाट दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. आता छर्रे धुवून वाळवतो, अगदी पुसट तेलाचा हात देतो आणि पत्र्याच्या डबीत फोमच्या चकतीखाली बंद करतो. तेल जास्त झालं तरी चालत नाही.

वजन आणि निवड हे काम आमच्याकडे दोन वहिनी करतात. दोघी आधी हुपरीला चांदीच्या कारखान्यात होत्या. मिलिग्रॅमचा काटा त्यांच्या अंगवळणी पडलेला. "दादा, ह्यो लॉट हलका हाय बघा," असं त्या काट्यावर ठेवायच्या आधी सांगतात आणि बहुतेक वेळा काटा त्यांच्याच बाजूनं बोलतो. डोक्याच्या मापासाठी तिरकी काच आहे. छर्रा डोक्याकडे आणि घेराकडे वेगळ्या मापाचा असल्यानं तो वळण घेत घरंगळतो, आणि माप बदललं की वळण बदलून वेगळ्या खणात पडतो.

शिसं विषारी आहे, याबद्दल मी कुणाचंही ऐकत नाही. शॉपमध्ये चहा नाही, तंबाखू नाही. घरी जाताना कपडे इथेच बदलायचे, साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, वर्षातून एकदा सगळ्यांच्या रक्तातलं शिसं तपासायचं. छर्रे घेणाऱ्या प्रत्येक पालकालाही मी हात धुण्याचं सांगतो. डबीवरही ते ठळक छापलंय.

चाचणीत मी सुरुवातीला फसलो ते पाच फटक्यांच्या कार्डानं. पाच छर्रे नशिबानंही एका भोकात जातात. असं एक सुंदर कार्ड मी फ्रेम करून लावलं होतं, आणि त्याच लॉटनं पुढच्या कार्डावर मान खाली घालायला लावली. आता प्रत्येक लॉटचे वीस फटके, दोन वेगवेगळ्या पिस्तुलांतून. बॅरलची आवड वेगळी असते, एकाला ४.४९ चं डोकं गोड लागतं, दुसऱ्याला ४.५०. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला आधी दोन्ही मापांच्या छोट्या पुड्या देतो.

आमचे छर्रे रविवारी क्लबवर येणाऱ्यांसाठी, शाळकरी मुलांसाठी, निवृत्तीनंतर हौस धरलेल्यांसाठी आहेत. राष्ट्रीय निवड चाचणीला जाणारा खेळाडू आला तर मी त्याला परदेशी डब्यांचे चार लॉट आमच्या शिकंज्यावर तपासून देतो आणि जो जुळेल तो घ्यायला सांगतो. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी कांस्य जिंकलं तेव्हापासून खेड्यांतून फोन येतात. त्यांचा प्रकार ५० मीटर रायफलचा, काडतुसाचा. पण पोरं सुरुवात हवेच्याच पिस्तुला-रायफलवर करतात.

मुलगी आता इंजिनिअर आहे आणि चाचणीची वही तीच लिहिते. गेल्या सोमवारच्या लॉटचे पहिले पंधरा फटके ५ मिलिमीटरमध्ये होते, सोळावा ९ मिलिमीटरवर गेला. तिनं छर्रा शोधून भिंगाखाली ठेवला. घेराच्या आत केसासारखी रेघ होती, म्हणजे दुसऱ्या डायची, घेराची पोकळी पाडणारी पिन झिजायला लागलीय. लॉट अडवून ठेवलाय. नवीन पिन आज रात्री घासायला घेतो.