पोट खरंच दुखतं
आज शाळेच्या पालकसभेत एका आईने विचारलं, "शाळेच्या दिवशी सकाळी पोरीचं पोट दुखतं, रविवारी नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. नाटक करते का?" समुपदेशक ताई म्हणाल्या, "नाही, दुखतं ते खरंच." लहान मुलांना भीती शब्दांत सांगता येत नाही, ती पोटातून, डोकेदुखीतून बाहेर पडते. पण रोज घरी ठेवलं तर भीती वाढतच जाते. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यायचं, सुरुवातीला अर्धा दिवस चालेल, पण पाठवत राहायचं. मला हे फार पटलं. "नाटकं बंद कर" किती पटकन निघतं ना आपल्या तोंडून!

आणि हो, मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. गोंधळलेल्या आईबाबांनीही जरूर लावा.