उपासवाले

काल दुपारी आईनं खिचडीसाठी तांदूळ धुतले आणि धुवणाचं पातेलं घेऊन ती बाल्कनीकडे निघाली. मी खुर्चीतूनच ओरडले, "आई, टबात नको!"

"ठाऊक आहे गं. तुझे ते उपासवाले."

उपासवाले म्हणजे माझे दवबिंदू, पानांवर किडे पकडून खाणारी रोपं. भाचीच्या अंघोळीच्या जुन्या टबात माझी दलदल आहे. भोक तळाला न पाडता काठाखाली चार बोटांवर पाडलंय, म्हणजे जास्तीचं पाणी जातं आणि खालचा चिखल ओला राहतो. आत पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, आणि सात पाण्यांनी धुतलेली वाळू. खत अजिबात नाही. नळाचं पाणीही नाही, त्यातल्या क्षारांनी ही मंडळी माना टाकतात. पावसाळ्यात पागोळ्या, एरवी शेजारच्या काकूंच्या एसीच्या नळीखाली लावलेली बादली. काकूंना आधी माझी शंका यायची. आता त्याच दारातून सांगतात, "रात्रभर चालू होता, भरली असेल बघ."

पहिली खेप आईनं घालवली. मी आठ दिवस गावाला गेले, तेवढ्यात तिनं रोज धुवण ओतलं, वर चहाचा चोथा. येऊन बघते तर टबावर शेवाळाची साय आणि पानं काळी. मी दोन दिवस बोलले नाही. "दारातल्या झाडाला उपाशी ठेवायचं?" हे तिचं म्हणणं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डार्विनही तिच्याच पंथातला. त्यानं दवबिंदूच्या पानांना मांस, दूध, अंड्याचा पांढरा बलक असं काय काय भरवून पाहिलं आणि १८७५ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. फक्त त्यानं पानांना भरवलं, आईनं मुळांना.

मला हे वेड लागलं कासला. कॉलेजची सहल, सप्टेंबर, पठार अजून जागतिक वारशाच्या यादीत जायचं होतं. सगळ्या जणी 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांपुढे फोटोला उभ्या. (ती आसवंही मातीखालच्या इवल्या पिशव्यांत बारीक जीव ओढून घेतात, सीतेबद्दल हे कुणी सांगत नाही.) माझी चप्पल तुटली म्हणून मी जांभ्यावर बसले, तर पायाशी करंगळीएवढं लालसर रोप. दोऱ्यासारखी पानं, पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दहा वाजून गेले तरी दव सुकलं कसं नाही, म्हणून बोट लावलं. थेंबाची तार निघाली, पाकासारखी.

तिथलं उपटून आणायचं नसतं. माझं बी एका मित्रानं काडेपेटीतून दिलेलं. उन्हं चढली की रोपं वाळतात, काळं बारीक बी पुन्हा काडेपेटीत जातं, आणि रिकाम्या टबाला मी पाणी घालत बसते. का, ते विचारू नका.

तर काल. धुवण मोगऱ्याला गेलं. आई चष्मा वर सारून टबावर वाकली. एका पानाला चिलट चिकटलं होतं, पाय अजून हलत होते.

"जेवतोय," ती म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.