चपला घालून झोपलेला माणूस

"पायातल्या चपला तरी काढ रे," काकू म्हणाल्या. तो नाही म्हणाला. "बुलावा आया तो दौड़ना पड़ेगा, अम्मा."

काल रात्री मी ग्वाल्हेरच्या कंपू भागात काकूंकडे थांबले होते. भिंडकडचा हा मुलगा त्यांच्या ओसरीवर रात्रभरासाठी जागा मागायला आला होता. बायको 'हजार बिस्तर' दवाखान्यात भरती. काकूंनी सतरंजी दिली, वर जुनी गोधडी. दवाखान्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याने उशाशी घेतले, फोन छातीवर ठेवला आणि तसाच आडवा झाला. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी, आणि पाय गोधडीच्या बाहेर. चपलांसकट.

मला झोप लागली नाही.

गजराराजा मेडिकल कॉलेज १९४६ चं, त्याला जोडलेलं जयारोग्य रुग्णालय तर त्याहूनही जुनं. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, सगळीकडचे पेशंट इथेच येतात. त्यात हजार खाटांची नवी इमारत झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. मोहल्ल्यातही जान आली आहे. मेडिकलची दुकानं, खानावळी, रात्री उशिरापर्यंत उजेड. काकूंच्या शेजारचा वाडा पाडून तिथे लॉज होणार म्हणतात.

पण एका खाटेमागे घरची दोन माणसं तरी येतातच ना? त्यांची पाठ टेकायची सोय कुणी मोजली का?

सकाळी बघितलं तर गोधडी नीट घडी करून ठेवलेली, वर पन्नासची नोट. काकू ती हातात घेऊन फाटकापर्यंत गेल्या. तो केव्हाच निघून गेला होता.

तुमच्या ओसरीवर कधी कुणी असं झोपून गेलंय का?